ठासणीच्या बंदुकीचा नेम : रेंजवर कोण कोण येणार?

काजूबागवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलो. आमच्या माजघरात तीन पिढ्या ठासणीची बंदूक टांगलेली आहे. सिंधुदुर्गात किंवा राजापूर-लांज्याकडे यात नवल काही नाही. केलडी (माकडं) आणि डुकरं यांच्यापासून शेती राखायला ही बंदूक आपल्याकडे पूर्वापार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात शेतीसंरक्षणासाठी म्हणून ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे.

पण बंदूक घरात असणं वेगळं आणि ती येणं वेगळं. आपण काय करतो? दारू ओततो, गजाने ठासतो, केप (घोडा पडला की पेटणारी छोटी टोपी) लावतो, आवाज काढतो. माकडं पळाली की काम झालं. नेम धरायचा प्रश्नच येत नाही. भरायची कशी हे वडलांनी दाखवलं तेवढंच, त्यांना त्यांच्या वडलांनी. मधे कुठे चूक शिरली असेल तर ती तशीच पुढे आली.

माझ्या काकांच्या डाव्या हाताला अंगठा अर्धाच आहे. मी सातवीत असताना त्यांनी संध्याकाळी घाईघाईत बार भरला, गोळी दारूपर्यंत खाली गेलीच नाही, मधे पोकळी राहिली आणि नळी फाटली. आमच्या घरात त्यावर कोणी कधी बोललं नाही. बंदूक बदलली, भरायची पद्धत मात्र तीच राहिली.

तीन हिवाळ्यांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एअर रायफलच्या रेंजवर एका निवृत्त सुभेदारांनी मागच्या ५० मीटरच्या लेनमध्ये ठासणीच्या बंदुकांचं सत्र सुरू केलं. शेतीचा परवाना शेतीपुरता असतो, तो खिशात आहे म्हणून कुठेही बार काढता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सत्राची लेखी परवानगी घेतली जाते, पोलीस ठाण्यात नावं आणि बंदुकांचे नंबर आधी जातात. सुरुवातीला आम्ही चौघं होतो, आता अकरा आहोत. मला वाटतं आपल्या जिल्ह्यात हे करू शकणारे शेकड्याने असतील, फक्त प्रत्येकजण आपापल्या मांगरात एकटा आहे. म्हणून हा धागा.

रेंजवर एक बार कसा भरतो ते सांगतो, म्हणजे येणाऱ्याला कल्पना येईल.

आधी रिकाम्या बंदुकीवर नुसती केप उडवायची, नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून. पातं हललं म्हणजे कान (केपेची आग आत नेणारं भोक) मोकळा आहे, आत तेल अडकलेलं नाही. मग दारू. ती घरून छोट्या कुप्यांत मोजून आणलेली असते, एका कुपीत एकच बार. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायला सक्त मनाई आहे, कारण आदल्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असला तर अख्खा डबा हातात पेटतो. मग वंगण लावलेली सुती चिंधी नळीच्या तोंडावर, तिच्यावर शिशाची गोळी, आधी आखूड दांडीने आत ढकलायची आणि मग गजाने एका दमात थेट तळापर्यंत. गजावर दोन खुणा कोरलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. भरलेल्याची खूण तोंडाशी बरोबर जुळल्याशिवाय सुभेदार केपला हात लावू देत नाहीत. माझ्या काकांना ती एक खूण कोणी कोरून दिली असती तर त्यांचा अंगठा आज असता.

केप फक्त फायरिंग लाइनवर, तोंड बटाकडे, म्हणजे टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडे, असताना. बार लागला नाही तर बंदूक तशीच समोर धरून एक मिनिट उभं राहायचं. ते मिनिट फार लांब वाटतं. पण केप उडून दारू उशिरा पेटल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

आणि मग तो बार! काडतुसाच्या बंदुकीसारखा कडक फटका नाही, खांद्याला ढकलल्यासारखा लागतो. समोर पांढरा धूर, गंधकाचा वास. सकाळी मतलई वारा असतो तोवर धूर समुद्राकडे निघून जातो. अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की तो आपल्याच तोंडावर येतो, मग आम्ही आवरतं घेतो.

पुढचं सत्र नाताळच्या सुट्टीत धरतो आहोत. प्रश्न विचारा, अनुभव लिहा.

---

खाडीपलीकडे

काजूबागवाले, वाचताना अंगावर काटा आला. मी मूळचा राजापूरकडचा, गेली पंधरा वर्षं इंग्लंडात सरे परगण्यात आहे. घरापासून अर्ध्या तासावर बिस्ले, १८९० पासून चालू असलेली रायफल रेंज. तिथे मी दर महिन्याला ठासणीची रायफल चालवतो.

रायफल मुद्दाम म्हणतोय. आपल्या गावाकडच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मळसूत्रासारखे आटे असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. माझी १८५३ च्या एनफिल्डच्या घडणीची आहे, ०.५७७ इंच तोंडाची, तीन आट्यांची, ३९ इंच नळीची. हीच ती रायफल जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली वणवा पेटला. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. गोळी लांबट, बुडाला पोकळ. बार झाला की बूड फुगतं आणि आट्यांत रुतून बसतं. त्यामुळे गोळी नळीपेक्षा किंचित लहान असली तरी चालते आणि सहज खाली जाते. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याची ही करामत. आधीच्या रायफलींत गोळी अक्षरशः ठोकून बसवावी लागे.

स्पर्धेचा नियम सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. ठासणीच्या बंदुकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ मध्ये सुरू झाली. तिच्या सामन्यांत ३० मिनिटांत १३ बार, त्यातले सर्वोत्तम १० धरायचे. कमी वाटतात, पण पुसणं, भरणं, ठासणं धरून एका बाराला सव्वादोन मिनिटंच मिळतात. ज्याला घाई करायची सवय आहे तो आठव्या बारानंतर घसरतो.

इथेही कागदपत्रं भरपूर आहेत. आट्यांच्या रायफलीला एक परवाना, गुळगुळीत नळीच्या बंदुकीला दुसरा, काळ्या दारूसाठी पोलिसांकडून तिसरा. पण एकदा आत आलात की जुनी मंडळी जीव लावून शिकवतात. मला पहिल्या दिवशी एका अनोळखी आजोबांनी स्वतःची रायफल हातात दिली आणि दोन तास शेजारी उभे राहिले. मी चिंध्या, गोळ्या, दारू यांचे पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या वर्षी तू कुणालातरी असंच शिकव. तुमच्या सुभेदारांचं वाचून तेच आठवलं.

---

वाडीतलो_माणूस

आमच्या घराक आज्याची बंदूक आसा. परवानो आज्यानंतर बापाशीच्या नावार इलो, आता माज्या नावार करून घेवक लय फेऱ्ये मारूक लागले. बंदूक मात्र आजो गेल्यापासून कोणी उडवक नाय, म्हणजे पंधरा वर्सां झाली. निवडणूक इली की पोलीस ठाण्यात जमा करूची, संपली की परत आणूची, इतक्याच काय ता तेचा फिरना. नेमक्या तेवाच केलडी नारळार बसतत.

माका येवचा आसा. पण माका कायच येना नाय. चलात काय?

---

आई_रत्नागिरी

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, १० मीटर एअर रायफल खेळते. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं त्या दिवशी घरात दिवाळी होती. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा मुलगा! हा धागा तिने वाचला आणि आता मागे लागली आहे की मला हे बघायचंच आहे. तिच्या खेळात मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिचा प्रश्न असा : इतक्या जुन्या बंदुकीवर नेम धरण्यात तिच्या खेळाला उपयोगी असं काही आहे का, की उलट सवय बिघडेल? आणि तिला येता येईल का?

---

काजूबागवाला (धागाकर्ता)

खाडीपलीकडे, १३ बारांचा नियम आम्ही याच हिवाळ्यापासून लावतो. आमच्याकडे आट्यांची ठासणीची रायफल एकच आहे, एका ज्येष्ठ सदस्यांची, तिचा परवाना वेगळा. फरक सांगायचा तर ५० मीटरवर माझ्या गुळगुळीत नळीच्या दहा गोळ्या जेवणाच्या ताटात मावतात, त्यांच्या वाटीत. आणि ते सत्तरीचे आहेत!

आई_रत्नागिरी, मुलीला जरूर आणा, बघायला. २१ वर्षांखाली परवाना मिळत नाही आणि या बंदुकीवर तिला उभं करण्याआधी नियम नीट विचारून घ्यावे लागतील, ते आम्ही करू. पण प्रश्न तिने नेमका विचारलाय. आधुनिक रायफलीत चाप ओढला की गोळी सुटलीच. इथे चाप ओढला की घोडा पडतो, केप उडते, तिची आग कानातून आत जाते, दारू पेटते आणि मग गोळी लांबलचक नळीतून बाहेर येते. आपल्या कानाला सगळा एकच आवाज येतो, पण तेवढ्यात हात हलला तर गोळी गेलीच दुसरीकडे. त्यामुळे बार झाल्यावरही माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) जागच्या जागी धरून राहायची सवय लावावी लागते. तिचे प्रशिक्षक ज्याला फॉलो-थ्रू म्हणतात तेच. एअर रायफलीत ते चुकलं तर गुण थोडे जातात, इथे चुकलं तर कागदच हुकतो. आमच्याकडे एअर रायफलवाली दोन मुलं बघायला म्हणून आली आणि तासभर नुसती आमच्या माशीकडे बघत बसली होती.

अजून एक, बहुतेकांना माहीत नसतं. भारताची राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर. त्यांचं घराणं संगमेश्वरकडचं आणि सुरुवातीचं शिक्षण राजापूरला. आज तुमची मुलगी ज्या मावळणकर स्पर्धेची तयारी करत असेल ती त्यांच्याच नावाची. हा खेळ कोकणाला परका नाही हे तिला सांगा.

वाडीतले, चलात काय म्हणजे? तुमच्यासारख्यांसाठीच हा धागा आहे. येताना बंदूक आणा, परवाना आणा. पण त्याआधी एक काम घरीच करा, आणि आजच करा. बंदूक भरलेली आहे असं समजूनच हातात घ्या. घोड्याखाली केप नाही ना ते बघा. तोंड बाहेर, माणसांपासून लांब. स्वतःचं डोकं आणि तळहात तोंडासमोर न आणता बाजूने धरून गज हळूच नळीत सोडा, जिथे टेकेल तिथे तोंडाशी खूण करा. मग गज काढून नळीला बाहेरून लावून बघा. खूण तोंडाशी धरली की गजाचं टोक कानापर्यंत पोचलं पाहिजे. अलीकडे थांबलं तर पुढे काही करू नका, इथे लिहा.

---

रानवाटा

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी गेली दहा वर्षं आंबोली ते तिलारी पट्ट्यात फिरतोय. ठासणीच्या बंदुकीने मारलेलं भेकर, पिसय (पिसोरी हरीण) पाहिलेलं आहे. छर्रे लागून तीन दिवस तडफडलेला गवा पाहिला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तरी सुपारी-काजूच्या बागांतून रात्री बार ऐकू येतात. अशा भागात नेम शिकवणारं सत्र म्हणजे शिकाऱ्याला धार लावून देणं नाही का? छंद म्हणून तुम्हा अकराजणांवर माझा संशय नाही. बारावा कोण येतो त्याचं काय?

---

काजूबागवाला (धागाकर्ता)

राग कसला, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आमच्यात आला होता आणि त्यावरून दोघांना आम्ही नाही म्हटलं. आमचे नियम लिहितो. रेंजवर एका बाराला एकच गोळी, छर्रे आणायला बंदी. टार्गेट म्हणजे गोल वर्तुळांचा कागद, प्राण्याचं चित्र चालत नाही, नारळसुद्धा नाही. (कर्नाटकातल्या कोडगूमध्ये, म्हणजे कुर्गात, कोडवा लोकांची सणाला झाडावरचा नारळ टिपायची जुनी प्रथा आहे, तो त्यांचा मान. त्यांना परवान्यातूनही सूट आहे. आपली गोष्ट वेगळी.) घरून आणलेल्या कुप्या येताना मोजल्या जातात, उरलेल्या जाताना मोजल्या जातात, दोन्ही आकडे वहीत, सही करून. घरगुती दारू आणली तर कायमचा बाहेर. परवानाधारक विक्रेत्याची पावती दाखवावी लागते. आणि शिकारीच्या गप्पा, अगदी आजोबांच्या वाघाच्यासुद्धा, रेंजवर होत नाहीत.

माझा अनुभव सांगू का? रात्री बार काढणाऱ्याला वहीत सही नको असते. तो येतच नाही. जो येतो त्याच्या बंदुकीकडे दहा माणसांचं लक्ष राहतं, नंबर पोलिसांकडे असतो, आणि घरी लोंबकळणाऱ्या बंदुकीला कुलूप लागतं. आमच्या अकरापैकी नऊजणांनी रेंजवर आल्यावर घरी लोखंडी कपाट केलं. तुम्ही एकदा या, वही बघा, अख्खी सकाळ थांबा. काही खटकलं तर तिथेच सांगा, आम्ही बदलू.

---

रानवाटा

येतो. शिशाचं काय करता? बटामागे ओढा असेल तर ते पाण्यात जाणार.

---

काजूबागवाला (धागाकर्ता)

ओढा लांब आहे, पण मुद्दा बरोबर. बट मातीचा आहे, वरची दोन फूट माती चाळलेली. आधी चिरे रचून वर माती टाकायचा विचार होता, सुभेदारांनी चिरे काढायला लावले. गोळी जांभ्यावर आपटली तर कुठे उडेल सांगता येत नाही. मे महिन्यात, पावसाआधी, माती चाळून शिसं काढतो आणि त्याच्याच पुन्हा गोळ्या ओततो. उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन.

---

जंग्यातून_समुद्र

किल्ल्यांवर भटकणारा माणूस, म्हणून एक भर. सिंधुदुर्ग, विजयदुर्गाच्या तटात ज्या तिरप्या खाचा असतात त्या जंग्या, आतल्या बंदूकधाऱ्यासाठीच. तेव्हा केप नव्हती, जळता तोडा, म्हणजे धुमसती वात, लावून बार काढत. केपेची कल्पना १८०७ मध्ये फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्रीबुवांच्या शोधातून पुढे आली. तोड्याच्या बंदुकीचाही जागतिक सामना होतो, त्याला तानेगाशिमा म्हणतात. ज्या जपानी बेटावर १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर बंदूक पोचली त्याचं नाव. कधीतरी आपल्या किनाऱ्यावरचं कोणी त्यात उतरावं, फार वाटतं.

---

खाडीपलीकडे

काजूबागवाले, वंगण कोणतं वापरता? इथे मधमाशीचं मेण आणि मेंढीची चरबी. आणि तिकडच्या दमट हवेत नळी कशी टिकवता? मला तीच काळजी वाटते.

---

काजूबागवाला (धागाकर्ता)

मेण आणि मुठेल! कोकमाच्या बियांचं तेल, आई अजून घरी काढते, मुठीने वळलेले पिवळट गोळे. दोन भाग मुठेल, एक भाग मेण, मंद विस्तवावर वितळवून त्यात चिंध्या बुडवायच्या. हिवाळ्यात बोटाला घट्ट लागतं, नळीत गेलं की सुटतं. आधी आम्ही मशीनचं तेल वापरत होतो, त्याचा दारूच्या काजळीशी डांबरासारखा चिकटा व्हायचा आणि पाचव्या बाराला गज अडकायचा. मुठेल लावल्यापासून तेराही बार सुरळीत जातात. दोन बारांच्या मधे ओली चिंधी एकदा, सुकी एकदा.

दमट हवेचा एक फायदाही आहे. काजळी मऊ राहते, कोरड्या हवेतल्यासारखी कडक पापडी धरत नाही. पण त्याच दिवशी नळी धुतली नाही तर संपलंच. या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून राख होऊन नळीतच उरतो आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. एका रात्रीत तांबूस. आम्ही रेंजवरच चूल पेटवतो, फायरिंग लाइनपासून लांब आणि दारू आवरून झाल्यावरच. कढत पाणी, साबण, गजाला चिंधी. पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तिसरं स्वच्छ. मग सुकं, मग तेल, मग चहा. खरी शिकवणी त्याच वेळी होते. बंदूक उघडलेली असते, प्रत्येकजण दुसऱ्याच्या निपलात (केप बसते त्या तुकड्यात) डोकावत असतो.

---

वाडीतलो_माणूस

काल सांजचो गज घालून बघलंय. तुमी सांगल्यात तशी खूण केलंय. कानापासून चार बोटां अलीकडे थांबलो.

घरात कोणाक सांगूक नाय. बायलमाणसां त्याच खुट्येखाली बसान भाजी निवडतत. पोरगो लहान आसताना तीच बंदूक घेऊन खेळलो हा, माका आठवता.

---

काजूबागवाला (धागाकर्ता)

वाडीतले, आता नीट वाचा. ती भरलेली आहे. केप लावून उडवून टाकू, असं कोणीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. नळी आतून किती खाल्लेली आहे ते कोणाला माहीत नाही. गजाने काढायचाही प्रयत्न करू नका. तोंड बाहेरच्या मातीच्या बांधाकडे करून आडवी ठेवा, खोलीला कुलूप लावा आणि घरच्यांना आत्ताच सांगा. तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी सुभेदारांना फोन करतोय. ते तालुक्यातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याला घेऊन येतील.

---

वाडीतलो_माणूस

रविवारी इले दोघय. कानातसून पाणी सोडल्यानी, दोन दिवस तशीच भिजत ठेवली, मगे गजाक मळसूत लावन वयसून ओढून काढल्यानी. आदी सोडणाचो (नारळाच्या सालीचो) बोळो इलो, मगे शिश्याचे पाच तुकडे, मगे परत सोडण, आणि सगळ्यात खाली काळी चिखलासारी दारू. सुभेदार म्हणाले, सुकली असती तर आजय पेटली असती.

सोडणाचो बोळो आज्यान हातान वळललो. तो वळूची तेची रीत माका ठावक आसा, आमी पोरां वांगडा बसान करू. तो मी डबीत घालून ठेवलंय.

नळी आतसून बरी आसा म्हणालो दुरुस्तीवालो, निपल तेवडो बदलूचो. नाताळाक येतंय. गजार खुणो कोरून घेतलंय, दोनय.